एकाच टेम्पोवर दोन भाषणे

ही गोष्ट मी माझ्या पत्नीलाही सांगितली नाही. तिच्या अखेरच्या आजारात मी रोज तिच्या उशाशी बसत असे. बोलायला वेळच वेळ होता. बोललो नाही. मुलाला सांगितली नाही. मित्रांना सांगण्याचा प्रश्नच नव्हता — ते सगळे मंत्रालयातले, त्यांना सगळे अर्ध्या वाक्यात कळले असते. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुमची-माझी ओळख नाही. अनोळखी माणसापुढे अब्रू सांभाळावी लागत नाही. हे कारण चांगले आहे असे मी म्हणत नाही. खरे आहे, एवढेच.

सुरुवात कोठून करावी? मूळ गोष्टीपासून करायला हवी, पण ती अजून जिभेवर येत नाही. तेव्हा आधी माझ्या कामाबद्दल सांगतो. त्याबद्दल बोलणे मला सोपे जाते.

मी मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालो. डोंबिवली पूर्वेला राहतो. नोकरीभर फायलींवर टिपण्या लिहिल्या — मुद्द्याला धरून, कमी शब्दांत. निवृत्तीनंतर आमच्या भागातल्या एका आमदारांनी मला त्यांच्या कार्यालयात बोलावले. वयाने ते माझ्या मुलाएवढे. मला 'काका' म्हणत. अधिवेशनातले प्रश्न, लक्षवेधी सूचना, भाषणे हे सगळे मी लिहून द्यायचे आणि सभागृहात उभे राहून त्यांनी बोलायचे, अशी व्यवस्था होती. ते बोलत उत्तम. आवाज त्यांचा, वाक्ये माझी. दोघांचेही बरे चालले होते.

माझी एक पद्धत होती. प्रत्येक भाषणात एक घर असायचे. एकच. नाव घ्यायचे नाही; पण गाव, घरात कोण आहे, कशावर चालते, हे सगळे नेमके. तुम्ही आकडे मांडले की मंत्र्यांजवळ दुसरे आकडे तयार असतात. घराला मात्र त्यांच्याजवळ उत्तर नसते. आणि त्या घराबाबत माझा एक नियम होता — ते खरे असले पाहिजे. मी कधीही घर रचले नाही. स्वतः पाहिल्याशिवाय लिहिले नाही. विधानभवनात माझ्याबद्दल बोलले जाई, 'यांची केस कच्ची नसते.' ते वाक्य मला आवडत असे. किती आवडत असे, हे पुढे येईलच.

आता टेम्पोबद्दल.

आम्ही मूळचे कल्याणजवळच्या मोहन्याचे. वडील तिथल्या कारखान्यात होते. मी शिकलो आणि बाहेर पडलो. धाकटा भाऊ मधुकर तिथेच चाळीत राहिला. त्याने एक जुना डिझेलचा टेम्पो घेतला आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या लहानसहान कारखान्यांचा माल वाहायला लागला — खोकी, लोखंडी सुटे भाग, रंगाचे डबे. टेम्पोला तो 'मालक' म्हणत असे. 'दादा, तो चालला तर मी चालतो, तो बसला तर मी बसतो. मग मालक कोण?' असे म्हणून मोठ्याने हसायचा. मला त्याचे हसणे थोडे जास्त वाटे. मी हसत नसे.

मधू अचानक गेला. झोपेतून उठलाच नाही. मागे त्याची पत्नी कुंदा राहिली. एकुलती मुलगी लग्न होऊन कळव्याला गेलेली. टेम्पो कुंदाच्या नावावर करून घ्यावा, असे मी सुचवले आणि कल्याणच्या आरटीओत स्वतः तिच्याबरोबर गेलो. 'कागद स्वच्छ हवेत,' मी तिला म्हणालो. ती म्हणाली, 'तुम्ही म्हणता तर करू, भाऊजी.' गाडी तिच्या नावावर झाली. ती गाडी तिच्या नावावर कोणी केली, या प्रश्नाचे उत्तर तुमच्याजवळ आता आहे.

टेम्पो भाड्याने द्यायचा, असा विचार होता. पण तो भयंकर धूर ओकत होता. तपासणीत पास होईना, प्रमाणपत्राशिवाय कोणी हात लावीना. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा मोठा. शेवटी इंजिन तेवढे विकायचे ठरले. वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजवाल्याला सुट्या भागांसाठी ते हवे होते. तेव्हाही मी बरोबर होतो. साखळीला बांधून त्याने ते काळे धूड वर ओढले, तेव्हा कुंदा तोंडाला पदर लावून बाजूला उभी होती. गॅरेजवाला हात पुसत तिला म्हणाला, 'काकू, आता टेन्शन नाय. तुमची गाडी एकदम प्रदूषणमुक्त. पीयूसीवाला काय, कोणाचा बाप आला तरी धूर काढून दाखवू शकत नाय.' कुंदा हसली. मधू गेल्यानंतर तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिले.

उरलेला सांगाडा ओढून मोहन्याला आणला आणि चाळीच्या टोकाला लावला. त्याच्या टपावर ती मिरच्या वाळत घाली. आत पोरे लपाछपी खेळत.

म्हणजे त्या गाडीत इंजिन नव्हते, हे मला ठाऊक होते. ऐकून नव्हे. डोळ्यांनी पाहून.

पुढे निराधार विधवांना सरकारकडून दरमहा मिळणारे अनुदान कुंदाला मंजूर झाले. तो अर्जही मीच लिहिला. त्याआधी मी तिला म्हणालो होतो, की दरमहा काही मी देत जाईन. तिने नकार दिला. नकार देण्याची तिची पद्धत अशी — 'भाऊजी, तुमचं घेतलं की तुमच्यासमोर आयुष्यभर पदर सावरून बसावं लागेल. सरकारचं बरं. सरकार काय माझ्याकडे जेवायला येत नाही, आमटी खारट झाली म्हणायला.' माझ्या पत्नीला हे उत्तर फार आवडले. मलाही पटले. रक्कम मोठी नव्हती; पण ती थोडेफार पापड-कुरडयांचे काम करी आणि दोन्ही मिळून तिचे भागे. बँकेत ती स्वतः जाई. येताना नाक्यावर उभी राहून एक प्लेट भजी खाई. लोक बघतात, असे मी एकदा म्हणालो. ती म्हणाली, 'बघू देत. माझी मी खाते.'

ते 'माझी मी' तिच्याकडून काढून कोणी घेतले, तेच सांगायचे आहे. सांगतो. अजून थोडे राहिले आहे.

त्या अधिवेशनात, एकाच आठवड्यात, दोन विषय आले. पहिला जुन्या गाड्यांच्या धुराचा. तपासणी कडक करायची, ठरावीक वयापुढच्या मालवाहू गाड्या रस्त्यावरून काढायच्या, अशा नियमांवर चर्चा होती. आमच्या मतदारसंघात टेम्पोवाले आणि रिक्षावाले पुष्कळ. साहेबांना विरोधात बोलायचे होते. ते मला म्हणाले, 'काका, कडक पाहिजे. आकडेबिकडे नको. एक केस द्या, डायरेक्ट काळजात गेली पाहिजे.'

मी मोहन्याचे घर लिहिले. टेम्पोचालक गेला; मागे पत्नी; दारात टेम्पो; धुरामुळे प्रमाणपत्र मिळत नाही, म्हणून एक पैसा मिळवून देत नाही; सरकारला ती गाडी रस्त्यावर नको असेल तर सरकारने त्या बाईला पर्याय द्यावा. साहेब सुरेख बोलले. शेवटच्या वाक्यापूर्वी थांबले, पाणी प्यायले, मग बोलले. दोन्ही बाजूंची बाके वाजली. इंजिनाचा उल्लेख भाषणात नव्हता. इंजिन आधीच विकले गेले आहे म्हटल्यावर ते प्रमाणपत्राचे वाक्य उभे राहिले नसते. मी तो वगळला. वगळणे म्हणजे खोटे लिहिणे नव्हे — मंत्रालयात हा फरक आम्ही नीट शिकलेलो असतो.

एवढ्यावर संपले असते, तर मी आज तुमच्यापुढे आलो नसतो. त्या भाषणाने कोणाचे नुकसान झाले नाही.

दुसरा विषय अनुदानांच्या अटींचा. ज्यांना गरज नाही असे लोक लाभ घेतात, तेव्हा पात्रतेचे निकष कडक करावेत. त्यांतला एक असा, की ज्याच्या नावावर चारचाकी आहे, त्याला अनुदान नाही. पक्षाने बाजू ठरवलेली होती. आमच्या साहेबांना समर्थनात बोलायचे होते. ते जरा चुळबुळत होते. गरिबाचे काही काढून घ्यायच्या बाजूने बोलणे कोणाही आमदाराला जड जाते. 'काका, असं द्या की गरीबच म्हणाला पाहिजे, बरोबर बोलला. खोटे लाभार्थी, एक तरी सॉलिड केस.' आणि भाषण दुसऱ्या दिवशी सकाळीच हवे होते.

ऐकीव गोष्टी माझ्याजवळ भरपूर होत्या. कोणाचा बंगला, कोणाची दुकाने, कोणाच्या नावावर तीन गाड्या. पण पाहिलेले काही नव्हते. आणि न पाहिलेले मी लिहीत नसे. हे लक्षात घ्या — मी जर थोडा कमी काटेकोर असतो, एखादे घर रचून मोकळा झालो असतो, तर पुढचे काहीही घडले नसते. खरे घर हवे होते. जिच्या नावावर चारचाकी आहे आणि जी अनुदान घेते, अशी, कागदोपत्री पक्की, मला माहीत असलेली एकच व्यक्ती होती.

मी लिहिले. नेहमीसारखेच लिहिले, नेहमीच्या अक्षरात.

साहेबांनी मसुदा वाचला आणि म्हणाले, 'काय काका, मोहन्यात टेम्पोच टेम्पो दिसतात!' ते हसत होते. मी मसुदा परत घेतला आणि 'टेम्पो' हा शब्द खोडून 'चारचाकी' लिहिले. गावाचे नाव काढून 'कल्याणजवळची एक वस्ती' केले. माणूस नकळत चुकतो, असे कोणी म्हणाले तर मला ते खोडणे आठवते.

'अध्यक्ष महोदय, दारात चारचाकी आणि हातात अनुदान — हा कुठला न्याय?' साहेबांनी हे वाक्य दोनदा म्हटले. मी अधिकाऱ्यांच्या कक्षाशेजारी बसून ऐकत होतो. आदल्या भाषणात ज्या गाडीवर बाके वाजली होती, तिच्यावरच ती पुन्हा वाजली. त्याच माणसांनी वाजवली. पुढे चर्चा ट्रॅक्टरवर घसरली. ट्रॅक्टर हा चारचाकी धरायचा की नाही, यावर ग्रामीण भागातले सदस्य तावातावाने बोलले आणि ट्रॅक्टर वगळला गेला. न चालणाऱ्या गाडीचे काय, हे कोणी विचारले नाही. विचारण्याजोगी माहिती सभागृहाच्या आवारात एकाच माणसाजवळ होती. तो गप्प होता.

उत्तर देताना मंत्री म्हणाले, सन्माननीय सदस्यांनी सांगितलेले उदाहरण गंभीर आहे, त्यांनी तपशील द्यावा, चौकशी करू.

असे मंत्री नेहमीच म्हणतात. दहातल्या नऊ वेळा तपशील कोणी देत नाही, कोणी मागतही नाही. पण चर्चा संपल्यावर बाहेरच्या मार्गिकेत त्या विभागातला एक अधिकारी मला भेटला. पूर्वी माझ्या हाताखाली होता. हुशार मुलगा, मीच घडवलेला. मला वाकून नमस्कार केला.

'सर, केस पक्की ना? तुमची म्हणजे पक्कीच म्हणा. पण मंत्रिमहोदय विचारतील, म्हणून विचारतो.'

'पक्की आहे,' मी म्हणालो.

'मग नाव मिळेल?'

येथे मी म्हणू शकलो असतो — तपासून सांगतो. उद्या बघू. साहेबांना विचारतो. अशा वाक्यांवर मी पस्तीस वर्षे नोकरी केली होती. ती सगळी मला येत होती. मी नाव सांगितले. कुंदा मधुकर, आणि पुढे आडनाव. गाव सांगितले. गाडीचा क्रमांकही सांगितला. तो मला पाठ होता.

त्याने मान वर केली. आडनाव माझेच होते.

'सर... नात्यातल्या वगैरे आहेत का?'

त्याच्या आवाजात काय होते, ते मला आजही नेमके सांगता येते. तो मला वाट काढून देत होता. मी 'हो, माझी भावजय' म्हणालो असतो, तर तो हसला असता, 'मग राहू द्या सर, दुसरी शोधू' म्हणाला असता आणि विषय तिथेच मिटला असता. एवढेच व्हायचे, की त्याला कळले असते — यांची केस या वेळी घरातली होती, आणि कच्ची होती.

मी म्हणालो, 'एका आडनावाची माणसे पुष्कळ असतात.'

हेच ते. याच्यासाठी मी एवढा वेळ घेतला. गाडीबद्दल मी खोटे लिहिले नव्हते, वगळले होते; पण हे खोटे होते. माझ्या सख्ख्या भावाच्या बायकोला मी पाच शब्दांत परकी केली, एका अधिकाऱ्याचे माझ्याबद्दलचे मत बिघडू नये म्हणून. तो म्हणाला, 'बरोबर आहे सर,' आणि गेला. मी खाली उपाहारगृहात जाऊन चहा घेतला. चहा बरा होता.

पुढचे तुम्हाला अंदाजाने कळले असेल. नवे निकष लागू झाले. तहसील कार्यालयातून एक मनुष्य मोहन्याला गेला. 'गाडी तुमच्या नावावर आहे का?' कुंदा म्हणाली, आहे. त्याने मोबाइलवर समोरून फोटो काढला. समोरून काढलेल्या फोटोत इंजिन दिसतही नाही आणि नाही असेही दिसत नाही. 'मिरच्या बाजूला घ्या,' असे मात्र त्याने तिला सांगितले आणि तिने त्या घेतल्या. तिला वाटले, टेम्पोवाल्या विधवांसाठी काही नवी योजना आली असेल. अनुदान बंद झाले.

ती माझ्याकडे आली. दुसरीकडे कोठे जाणार? दीर आमदारांच्या कार्यालयात. चपला दाराबाहेर नीट लावून आत आली आणि म्हणाली, 'भाऊजी, काहीतरी चूक झालीय हो. तुम्ही बघा ना.' मी म्हणालो, 'बघतो.'

मी तिच्याबरोबर फिरलो. हे चांगुलपण म्हणून सांगत नाही. न फिरतो तर तिला विचित्र वाटले असते. तहसील कार्यालयातला लिपिक म्हणाला, 'आजोबा, गाडी चालते का नाय, ते आमच्याकडे येत नाय. आहे का नाय, तेवढंच आम्ही बघतो. नोंदणी रद्द करून आणा, लगेच चालू करतो.' आरटीओत गेलो. तिथे सांगितले, गाडी भंगारात काढल्याचे मान्यताप्राप्त केंद्राचे प्रमाणपत्र आणा. सांगाडा ओढून केंद्रावर नेला. तिथला माणूस सांगाड्याभोवती एक फेरी मारून म्हणाला, 'इंजिन कुठाय? इंजिन नंबर टॅली झाल्याशिवाय सर्टिफिकेट नाय देत. बिनाइंजिनाची गाडी आम्ही गाडी धरत नाय.' कुंदा त्याला म्हणाली, 'अहो, तेच त्या तहसीलवाल्याला जरा फोन करून सांगा ना!' तो हसला. तीही हसली. मी रस्त्याकडे बघत होतो.

गॅरेजमध्ये चौकशी केली. इंजिन कधीच सुटे होऊन दहा गाड्यांत गेले होते.

एक मार्ग होता, आणि तो माझ्या हातात होता. निकषांत एका ओळीची दुरुस्ती — नादुरुस्त, वापरात नसलेले वाहन वगळून. ट्रॅक्टर वगळता आला, तर हेही वगळता आले असते. पुढच्या अधिवेशनात साहेबांकडून ती सूचना मांडवून घेणे मला मुळीच अवघड नव्हते. ती ओळ मला झोपेतही लिहिता आली असती. पण मग साहेबांनी विचारले असते, काका, केस कोणती? तुमची केस असतेच. आणि त्या केसला उत्तर देताना विभागाने मागचे भाषण काढले असते. दोन्ही भाषणे शेजारी ठेवली गेली असती. मी ती ओळ लिहिली नाही. अशा न चालणाऱ्या गाड्या आणखी किती दारांत उभ्या होत्या, किती जणींची मदत त्यामुळे थांबली, मला माहीत नाही. माहीत करून घेण्याचा प्रयत्नही केला नाही.

'दारात चारचाकी, हातात अनुदान' हे वाक्य साहेबांच्या तोंडी बसले. साहेब ते सगळीकडे वापरू लागले. मोहन्यात त्यांच्या हळदीकुंकवाच्या कार्यक्रमातही — विधवांनाही मुद्दाम बोलावले होते — त्यांनी ते म्हटले. मी मंचामागे उभा होतो. बायकांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या रांगेत कुंदा होती, तिनेही वाजवल्या. नंतर वाण हातात घेऊन माझ्याजवळ आली आणि म्हणाली, 'साहेब बोलतात ते बरोबरच आहे हो, भाऊजी. लोक गाड्या उडवतात आणि वर सरकारचं खातात. आमचं आपलं चुकून झालं, आमचं वेगळं आहे.' शेजारची एक बाई म्हणाली, 'तुमचं काय टेन्शन, तुमचे दीर बसलेत ना तिथे.' कुंदाने अभिमानाने माझ्याकडे बघितले. तेव्हाही मी बोललो नाही. कोणत्या क्षणी बोलायचे असते? प्रत्येक वेळी वाटते, ही वेळ नव्हे. आणि हळूहळू वेळाच संपतात.

मग मी तिला दरमहा पैसे देऊ लागलो. पहिल्यांदा तिने घेतले नाहीत. दुसऱ्यांदा घेतले. घेताना खाली बघितले. पापडाचे काम गुडघ्यांमुळे कमी झाले होते, तेव्हा न घेऊन करते काय? त्या दिवसापासून ती माझ्यासमोर बसताना पदर सावरून बसते. पूर्वी माझ्या तोंडावर ती मला 'इस्त्रीचे भाऊजी' म्हणत असे, मी हसत नाही म्हणून. ते तिने बंद केले. मी विचारले नाही. कारण मला माहीत होते.

पत्नी आजारी पडली तेव्हा कुंदा शुश्रूषेसाठी डोंबिवलीला आली. पत्नीचे तिने सर्व काही केले. स्वच्छ, वेळेवर, तोंडातून शब्द न काढता. पत्नी गेल्यावर मुलगा म्हणाला, 'बाबा, काकू इथेच राहू देत. तुमचीही सोय, तिचीही.' मोहन्याची खोली सोडली. म्हणजे झाले ते असे — मी जे केले त्याचे फळ मला मिळाले. मला दोन्ही वेळा ताजे जेवण मिळते. कपड्यांना इस्त्री असते. नातेवाईक म्हणतात, भावजयीला कसे सांभाळले आहे बघा. कुंदा स्वतः येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, 'भाऊजी होते म्हणून निभावलं.' ती हे सांगत असते तेव्हा मी वर्तमानपत्र वाचतो.

मी आमदारांकडचे काम आता सोडले आहे. त्याचा या गोष्टीशी संबंध नाही. नजर कमी झाली म्हणून सोडले. तो अधिकारी अजून दिवाळीला फोन करतो. 'सर, तुमच्यासारखी तयारी आता कोणाची नसते,' म्हणतो. मी आभार मानतो.

हे छापले गेले तर ती वाचेल. वाचायला तिला वेळ लागतो, पण वाचते. मी तिला आधी सांगणार आहे का? नाही. आजवर समोरासमोर बोलण्याची हिंमत झाली नाही, ती आता कोठून येईल?

कुंदा हल्ली प्रत्येक गोष्ट विचारून करते. पंखा लावू का. दूध जास्त घेऊ का. देवळात जाऊन येऊ का. मी कधी तिला 'विचारत जा' म्हटलेले नाही, आणि 'विचारू नकोस' असेही म्हटलेले नाही. गेल्या आठवड्यात मी हॉलमध्ये बसलो होतो. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मोहन्याच्या जुन्या शेजारणीच्या मुलीची हळद होती.

'भाऊजी, दोन दिवस जाऊन येऊ का? तुमचं दोन दिवसांचं करून ठेवते. चालेल ना?'

साठी उलटलेली बाई. मी तिच्याकडे न बघता 'जा' म्हणालो. ती 'बरं' म्हणाली आणि माझ्यासाठी पीठ मळायला आत गेली.